कोळंबीत कैरी चालते, मग मटणात अननस का नाही?

प्रिय चिऊ,

पिझ्झ्यावरच्या अननसावरून तुमच्या वर्गात दोन तट पडले आणि एका गटाचं म्हणणं, मांसाच्या पदार्थात फळ घालणं हे चूकच. तू मला विचारलंस की आपण मराठी माणसं कोणत्या बाजूची. आणि वर हा चिमटा काढलास : कोळंबीत कैरी चालते, मग मटणात अननस घातला तर बिघडतं काय?

आपण फळ घालतो, तेही बक्कळ. पण ते आंबट हवं, नाहीतर कच्चं. कोकणात माशाच्या कालवणात जे आमसूल पडतं ती रातांब्याची साल. फळ फोडून गर आणि बिया काढायच्या, गराच्या रसात मीठ घालायचं आणि साल त्यात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवायची, म्हणजे ते काळं, चिवट आमसूल होतं. चिंच फळच. अंबाडे, बिंबलं, कैरी, वाळवलेल्या कैरीची आंबोशी, सगळी फळं. बांगड्यात पडणारं तिरफळसुद्धा झाडाचं फळ, फक्त त्याची टरफलं घ्यायची आणि आतलं काळं बी टाकून द्यायचं, नाहीतर कालवण कडू होतं. नारळाला तर आपण श्रीफळच म्हणतो, पण तो धरला तर वादच संपेल, म्हणून बाजूला ठेवू.

माशालाच आंबट का, याला कारण आहे. मासा पाण्याबाहेर आल्यावर वेळ जाईल तशी त्याच्या मांसात अमाइन नावाची संयुगं तयार होतात आणि आपल्याला येणारा वास मुख्यतः त्यांचा असतो. आम्लाशी गाठ पडली की त्यांचे क्षार बनतात. क्षार हवेत उडत नाहीत, म्हणून नाकापर्यंत पोचतही नाहीत. मोरीसारख्या, म्हणजे लहान शार्कसारख्या माशाला हा वास जास्त, कारण तिच्या मांसातल्या युरियाचा पुढे अमोनिया होतो, म्हणून तिला आंबटही सढळ हाताने लागतं. मात्र आंबट घालून शिळा मासा ताजा होत नाही. तो फक्त लपतो, आणि असं लपवलेलं पोटाला कळतं.

कैरी-कोळंबी तुला शिकायचीच आहे, तर नीट सांगतो. साफ केलेली कोळंबी ४०० ग्रॅम, पाठीतला काळा दोरा काढलेली. तिला अर्धा चमचा हळद आणि मीठ चोळून ठेव. वाटणाला एक वाटी ओलं खोबरं, सहा-सात बेडगी मिरच्या, एक चमचा धणे, अर्धा कांदा, चार लसूण पाकळ्या. वाटण गंधासारखं बारीक हवं, रवाळ राहिलं तर चोथा आणि पाणी वेगवेगळं दिसतं. दोन मोठे चमचे तेलात आणखी चार लसूण पाकळ्या ठेचून टाक, तांबूस झाल्या की वाटण घालून दोन मिनिटं परत, मग अडीच वाट्या पाणी. उकळी आली की एका मध्यम कैरीच्या, साधारण १५० ग्रॅमच्या, सालासकट बोटभर फोडी सोड. सहा-सात मिनिटांत त्या अर्धवट मऊ होतात. कोळंबी त्यानंतरच, आणि चार-पाच मिनिटंच. ती अर्धगोल वळली की गॅस बंद. पूर्ण वेटोळं झालं तर समज की रबर झालं, आणि त्यावर इलाज नाही. कैरी आणि कोळंबी एकदम टाकली की हाच घोळ होतो : कैरीची वाट बघता बघता कोळंबी वातड होते.

दुकानात मिळणारी हिरवी कैरी फसवते. वरून हिरवीगार, आतून पिवळट, म्हणजे ती पिकायला लागली आणि तिचं आम्ल उतरलं. कापल्यावर गर पांढरट आणि कोय पांढरी कोवळी दिसली पाहिजे. पिवळा निघाला तर घाल, पण जोडीला दोन आमसुलं टाक. गोठवलेल्या फोडी लगेच विरघळतात, म्हणून त्या कोळंबीबरोबरच सोडायच्या.

आमसुलाचं प्रमाण अर्धा किलो माशाला चार-पाच. धुऊन घ्यायची, शेवटच्या पाच मिनिटांत घालायची आणि मीठ त्यानंतर चाखून, कारण ती मुळातच खारट असतात. उरलेलं कालवण ठेवताना ती काढून टाक, नाहीतर दुसऱ्या दिवशी ते आंबटढाण होतं. दुकानात कधी कधी कोकम म्हणून जाड, काळी, धुराचा वास असलेली साल देतात. ती केरळातली कुडमपुळी, कोकमाची भावंडच, पण बरीच कडक. ती एक-दोनच तुकडे, भिजवून. नारळाचं दूध घातलेलं कालवण आंबट पडल्यावर खळखळून उकळलं तर फुटतं, पाणी खाली आणि चोथा वर. आणि बिनकल्हईच्या पितळेत आंबट कधीही शिजवायचं नाही, ते कळकतं. ॲल्युमिनियमही नको. स्टील किंवा मातीचं भांडं उत्तम.

आता मटण. त्याला माशासारखा वास नाही, म्हणून भांड्यात आंबट घालायची निकडही नाही. वरून लिंबू पिळलं की भागतं, आणि तेही ताटात, कारण उकळलं की त्याचा सुगंध जातो. शिवाय रश्श्यात बटाटा असेल आणि चिंच आधी पडली तर बटाटा दडदडीत राहतो : आम्लामुळे त्याच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन सुटत नाही. म्हणून मटणात फळ येतं ते चवीसाठी नाही, मांस मऊ करायला. ते फळ म्हणजे कच्ची पपई. तिच्या चिकात पपेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं आणि ते मांसातली प्रथिनं तोडतं. एक किलो मटणाला एक मोठा चमचा पपईचं वाटण, सालासकट वाटलेलं, नीट चोळून फ्रिजमध्ये दोन तास. खिम्याला लहान चमचाभर आणि अर्धाच तास. जास्त ठेवलं तर तुकड्याचा वरचा थर पिठूळ होतो आणि आतला तसाच चिवट, कारण विकर आत फारसं शिरत नाही. कुकरमध्ये शिजवणार असशील तर पपईची गरजच नाही. पिकलेली पपई या कामाला निरुपयोगी, तिच्यात पपेन जवळजवळ उरत नाही.

इथेच तुझा अननस येतो. ताज्या अननसातही असंच एक विकर आहे, ब्रोमेलेन. ताजा अननस वाटून चिकनला रात्रभर लावलास तर सकाळी हातात लगदा येईल. डब्यातल्या अननसाने काहीच होणार नाही, कारण डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेत ब्रोमेलेन मरतं. पिझ्झ्यावर सहसा डब्यातलाच असतो. १९६२ साली कॅनडात, ओंटारिओतल्या चॅटम गावी, सॅम पॅनोपुलोस या मूळच्या ग्रीक हॉटेलवाल्याने तो पहिल्यांदा घातला असं मानतात, आणि ‘हवाईयन’ हे नाव अननसाच्या डब्यावरून आलं. म्हणजे हवाईचा त्यात तेवढाच हात!

मटणाच्या रश्श्यात मात्र अननसाला माझा विरोध आहे, आणि तो धर्माचा नाही, चवीचा आहे. आपल्या वाटणात भाजलेला कांदा आणि सुकं खोबरं असतं. दोन्ही भाजताना गोडसर होतात, तिखटाला तेवढा तोल पुरतो. त्यात पिकलं फळ पडलं की रस्सा गुळचट लागतो, तिखट बोथट होतं आणि साखर बुडाशी लागते. पिकल्या फळाची हौस आपण वेगळ्या वाडग्यात भागवतो : अननसाचं सासव, रायवळ आंब्यांचं रायतं. त्यात मोहरी वाटून घालतात, तिची झणझण गोडाला आवर घालते. मांस मात्र त्यात नसतं.

पण ‘चूकच’ म्हणणाऱ्या गटाच्या बाजूनेही मी हात वर करणार नाही. मुंबईतल्या पारशी घरांत जर्दाळू घालून मटण करतात आणि वर बटाट्याची कुरकुरीत सळी पसरतात. इराणात डाळिंबाचा आटवलेला रस आणि अक्रोड घालून कोंबडी किंवा बदक शिजवतात. या दोन्हींत गोडाबरोबर आंबट असतंच, जर्दाळूत व्हिनेगर पडतं आणि डाळिंब मुळातच आंबट. नुसतं गोड फळ मांसाशी जमत नाही, हे मला तरी पटलेलं आहे.

तुला करूनच बघायचं असेल तर अननसाच्या बोटभर जाड चकत्या कोरड्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाज, त्यांच्यावर मीठ, लाल तिखट आणि लिंबू घाल, आणि सुक्या मटणाशेजारी ताटात घे. भांड्यात मिसळू नकोस. एकत्र शिजवायचंच असेल तर कैरी-कोळंबी आहेच. दुकानात कैरी निवडताना देठाजवळ नाक लावून बघ : गोड वास आला तर ती परत ठेव आणि दुसरी उचल.

तुझा,
बाबा