नाथसागर (जायकवाडीचा जलाशय) रामसर यादीत का नाही? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लोणार आमच्या मंठ्याहून जवळच. मग मराठवाड्यात रामसर स्थळ नाही असं का म्हणतात?

रामसर स्थळ म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरलेली पाणथळ जागा. लोणार बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात मोडतं. नाशिकचं नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार या दोघांची घोषणा २०२० मध्ये झाली, ठाणे खाडीची २०२२ मध्ये. मराठवाड्याची पाटी अजून कोरी आहे. २ फेब्रुवारी १९७१ ला इराणमधल्या रामसर गावी हा करार झाला आणि भारत १९८२ मध्ये त्यात सामील झाला. आज देशातल्या स्थळांचा आकडा नव्वदीपार गेला आहे.

प्रश्न : जायकवाडी माणसानं बांधलेलं धरण, म्हणून डावललं का? (पैठण)

नाही. नांदूर मध्यमेश्वर तरी कुठे नैसर्गिक आहे? गोदावरी-कादवा संगमाजवळचा तो इंग्रजांच्या काळातला बंधारा. त्यात गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या आणि पक्षी आले. तिथून सुटलेलं पाणी पुढे नाथसागरातच येतं.

रामसरचे निकष नऊ, त्यातला एक पुरला तरी भागतं. आपल्या कामाचे दोन : नियमितपणे २०,००० पाणपक्षी, किंवा एखाद्या प्रजातीच्या एकूण संख्येपैकी १ टक्का पक्षी. सगळी मेख 'नियमितपणे'त आहे. एखाद्या वर्षी रोहित (फ्लेमिंगो) भरपूर उतरले, पेपरात फोटो झळकले, एवढ्यानं काम होत नाही. निदान पाच हंगामांची सलग, एकाच पद्धतीची मोजणी हाताशी असली, तर प्रस्तावाला वजन येतं. तो राज्य सरकारनं केंद्राकडे धाडायचा असतो. माझ्या मते नाथसागराची बाजू पक्ष्यांअभावी नव्हे, कागदाअभावी लंगडी आहे.

प्रश्न : आम्ही गाळपेर (पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) करतो. रामसर झालं की जमीन जाईल का? (गंगापूर)

या शिक्क्यानं भूसंपादन होत नाही. करारातच 'सुज्ञ वापर' मान्य आहे, म्हणजे शेती आणि मासेमारी पाणथळ जागेची प्रकृती न बिघडवता चालू शकते. तुम्हाला आज जी बंधनं जाणवतात ती अभयारण्याची. जायकवाडी १९८६ पासून अभयारण्य आहे.

गाळपेराचा प्रश्न मात्र नाजूक आहे. पाणी ओसरलं की उघडा पडणारा तो ओला काठच चक्रवाक बदकांना आणि पट्टकदंब हंसांना हवा असतो, आणि तुम्हालाही. पट्टकदंब रात्री पिकात उतरून हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांच्यापेक्षा मला धास्ती वाटते ती काठावर मारलेल्या तणनाशकाची, कारण पुढच्या पावसात तीच जमीन पाण्याखाली जाते.

प्रश्न : दर्जा मिळाला की निधी आणि वरचं पाणी मिळेल?

निधी आपोआप येत नाही, पाणी तर नाहीच. वरच्या (नाशिक-नगरच्या) धरणांतून पाणी सोडण्याचा वाद २००५ च्या जलसंपत्ती कायद्यावर आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा आहे का, या हिशेबावर चालतो. पक्षी त्यात कुठेच येत नाहीत. दर्जा मिळूनही पाण्यासाठी ताटकळावं लागतं : भरतपूरचं केवलादेव १९९० पासून संकटग्रस्त स्थळांच्या माँट्रो यादीत आहे. ओडिशातलं चिलिका सरोवरही त्या यादीत होतं. तिथे समुद्राकडे नवं मुख खोदलं आणि २००२ मध्ये नाव वगळलं गेलं.

प्रश्न : कॉलेजची मुलं काय करू शकतात?

जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत उतरा. दरवर्षी तीच ठिकाणं, तीच सकाळची वेळ ठेवा. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजून तेवढ्या पट्ट्याचा अंदाज बांधा आणि मग पुढे सरका. वारकरी (कूट) हे काळे पाणपक्षी बदकांत मिसळून बसतात, ते वेगळे लिहा.