मुलांचा त्वचारोगतज्ज्ञ व्हायचे असल्यास एमडी त्वचारोगात करावे की बालरोगात?

आपण विचारले आहे की, एमबीबीएसच्या अखेरच्या वर्षात असताना मुलांच्या त्वचाविकारांकडे ओढा वाटत असेल तर पुढचे शिक्षण कोणत्या विषयात घ्यावे, आणि नाशिकसारख्या शहरात या कामाला पुरेसे रुग्ण मिळतात का. मी नाशिकमध्ये त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि माझ्या ओपीडीत मुलांची संख्या मोठी असते. त्यामुळे स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

एमडी त्वचारोगातच करावे. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, त्यानंतर नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा आणि मग तीन वर्षांचे एमडी किंवा त्याच्या तोडीचे डीएनबी हा सरळ मार्ग आहे. या एमडीमध्ये त्वचारोगाबरोबर गुप्तरोग आणि कुष्ठरोगही येतात. मुलांच्या त्वचेचे वेगळे प्रशिक्षण आपल्याकडे बहुतेक जण एमडीनंतर फेलोशिपच्या, म्हणजे एकाच उपशाखेतील जादा प्रशिक्षणाच्या रूपाने घेतात. अमेरिकेत या उपशाखेची स्वतंत्र बोर्ड परीक्षा, म्हणजे तज्ज्ञ म्हणून प्रमाणपत्र देणारी परीक्षा २००४ पासून होते, तर आपल्याकडे इंडियन सोसायटी फॉर पेडियाट्रिक डर्मटॉलॉजी ही संघटना १९९६ पासून काम करते आहे आणि तिच्या परिषदांना निवासी डॉक्टरांनीही आवर्जून जावे. त्वचारोगाचा आग्रह धरण्याचे कारण असे की, त्वचेवरचा डाग पाहून निदानाच्या चार-पाच शक्यता मनात उभ्या राहण्यासाठी रोज शेकड्याने त्वचा पाहावी लागते. बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी त्वचेचा छोटा तुकडा कोठून घ्यावा आणि तिचा अहवाल कसा वाचावा, हेही त्याच विभागात हाताखालून जाते.

तथापि, केवळ त्वचारोगाची पदवी घेतल्याने मुलांचा डॉक्टर होता येत नाही, आणि हेच मला आपल्याला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे. मी स्वतः या कामाकडे वळलो तो निवासी डॉक्टर असताना नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागातून आलेल्या एका बोलावण्यामुळे. जन्मून एक दिवसही न झालेल्या बाळाच्या पायांवर आणि टाळूवर पाण्याने भरलेले फोड होते आणि जेथे जेथे चिकटपट्टी लावून काढली होती तेथली कातडी पट्टीबरोबर निघून आली होती. तो एपिडर्मोलायसिस बुलोसा होता. या जन्मजात आजारात त्वचेचे थर एकमेकांना नीट धरून ठेवणारी प्रथिने सदोष असतात आणि साध्या घर्षणानेही फोड येतात. माझ्या वरिष्ठ डॉक्टर बाईंनी निदान सांगण्याआधी सगळ्या चिकटपट्ट्या थांबवल्या, सलाईनची सुई मऊ गॉजच्या पट्टीने बांधायला लावली, मोठे फोड निर्जंतुक सुईने टोचून रिकामे केले पण वरची साल तशीच राहू दिली, आणि आईला सांगितले की झबले उलटे करून घाला, म्हणजे शिवण आतून टोचणार नाही. औषधाचे एकही नाव त्या सूचनांत नव्हते, आणि तरीही त्या क्षणी बाळाला सर्वांत उपयोगी उपचार तोच होता. अशा आजारात डॉक्टरचे अर्धे काम म्हणजे आईच्या, परिचारिकेच्या आणि आजीच्या हातांना वळण लावणे, हे मला त्या वॉर्डात समजले.

म्हणून त्वचारोगाची तीन वर्षे चालू असतानाच बालरोग विभागाशी मैत्री करा. मुलांना डोस किलोमागे मोजून द्यावा लागतो, आणि वजनाच्या मानाने त्यांच्या शरीराचा पृष्ठभाग मोठा असल्याने लावलेले औषधही मोठ्यांपेक्षा जास्त प्रमाणात अंगात भिनते. बाळांच्या हिमँजिओमाचे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या लाल गाठीचे उदाहरण घ्या. ती जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसू लागते आणि पहिल्या तीन ते पाच महिन्यांत झपाट्याने वाढते. पापणीजवळ असेल तर दृष्टीला धोका पोहोचू शकतो. प्रोप्रॅनोलॉल हे हृदयविकाराचे जुने औषध तिच्यावर गुणकारी ठरते, हे फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले आणि उपचाराची दिशाच बदलली. मात्र ते सुरू करण्यापूर्वी नाडी आणि रक्तदाब पाहावे लागतात, औषध दूध पाजताना किंवा पाजल्यावर लगेच द्यावे लागते, आणि बाळ आजारी पडून दूध घेईनासे झाले तर ते थांबवून डॉक्टरांना कळवावे लागते, नाहीतर रक्तातील साखर उतरू शकते. ग्रहणात आईने काही चिरले म्हणून हा डाग आला, असे घरात कोणी म्हणत असेल, तर आईचा यात काडीचाही दोष नाही हे सगळ्यांसमोर, स्पष्ट शब्दांत सांगणे हाही मी उपचाराचाच भाग मानतो. आपणही सांगत जा.

दुर्मिळ आजारांपेक्षा रोजच्या कामात इसब, खरूज, नायटा, अंगावर उठणारे पित्त आणि गालावरचे पांढरट चट्टेच अधिक असतात. त्या चट्ट्यांना घरोघरी जंत किंवा कॅल्शियमची कमतरता समजले जाते, प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो कोरड्या त्वचेचा सौम्य इसब असतो. मी पालकांना पुढच्या भेटीला घरातल्या सगळ्या ट्यूबा एका पिशवीत घालून आणायला सांगतो. त्या पिशवीतून हमखास एक तरी मिश्र मलम निघते, ज्यात तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असते. दिंडोरीकडच्या एका आजीबाई मला म्हणाल्या होत्या, “अहो डॉक्टर, हे लावलं की दोन दिवसांत पोराची खाज थांबते, सोडलं की दुप्पट येते.” स्टेरॉइडचा गैरवापर यापेक्षा नेमक्या शब्दांत मी कोणाकडून ऐकलेला नाही. नायट्यावर असे मलम लावले की लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र पसरत राहते, आणि बाळाच्या लंगोटाखाली ते दिवसेंदिवस लावले तर स्टेरॉइड रक्तात उतरून चेहरा सुजल्यासारखा गोल होणे, वाढ खुंटणे इथपर्यंत वेळ येऊ शकते. त्याच वेळी दुसरे टोकही सांभाळावे लागते, कारण स्टेरॉइडच्या धास्तीने इसब असलेल्या मुलाला काहीच न लावणारे पालकही तितकेच भेटतात आणि ते मूल रात्रभर खाजवत जागे राहते. त्यांना मी माझ्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मलमाची रेघ काढून दाखवतो: मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला एवढे पुरते, सौम्य मलम, ठरलेले दिवस, आणि त्याखेरीज दिवसातून निदान दोनदा भरपूर मॉइश्चरायझर. हे करून दाखवायला वेळ लागतो. घाईच्या ओपीडीत तो काढण्याची तयारी नसेल, तर ही शाखा निवडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता नाशिकबद्दल. काम भरपूर आहे. येथील थंडी कोरडी असते, निफाडकडे तर पारा फारच खाली जातो, आणि मार्गशीर्ष-पौषात इसबाची मुले एकामागून एक येतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतील आश्रमशाळांत खरूज पसरते तेव्हा एका मुलाला पर्मेथ्रिन हे खरजेवर लावायचे औषध देऊन काहीच साधत नाही. एकाच रात्री खोलीतल्या सर्वांना मानेपासून पायापर्यंत, लहान बाळांना डोक्यालाही, ते लावावे लागते, कपडे-पांघरुणे गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकावी लागतात आणि आठवड्याने पुन्हा तेच करावे लागते. कुष्ठरोगही विसरू नका. देशपातळीवर २००५ मध्ये त्याचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले, तरी नवे रुग्ण सापडतातच, आणि लहान मुलात तो आढळणे म्हणजे जवळपास कोणीतरी उपचाराविना राहिले असल्याची खूण असते. चार वर्षांच्या मुलाच्या फिकट चट्ट्यावर संवेदना आहे की नाही हे तपासणे अवघड जाते, म्हणून त्या वेळी आई-वडिलांचे, आजी-आजोबांचे आणि घरातल्या इतरांचे अंग तपासल्याशिवाय त्यांना परत पाठवू नये.

केवळ मुलेच पाहीन असे ठरवून येथे दवाखाना थाटणे सुरुवातीला जड जाते, हेही खरे आहे. मी मोठ्यांनाही तपासतो, आणि आठवड्यातील काही वेळा मुलांसाठी राखून ठेवतो. शहरातील बालरोगतज्ज्ञांशी विश्वासाचे नाते जुळले की रुग्ण त्यांच्याकडूनच येतात, म्हणून त्यांनी पाठवलेल्या प्रत्येक मुलाचे निदान आणि उपचार मी त्यांना लिहून कळवतो.

आपल्याला इंटर्नशिपमध्ये त्वचारोग विभागाचे मोजकेच दिवस मिळतील, बालरोगाचे त्याहून बरेच अधिक. त्या दिवसांत बाळाला आईच्या मांडीवरच ठेवून तपासायला शिका, हात आधी चोळून गरम करा, दुखरी जागा शेवटी पाहा, आणि लंगोट काढल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे समजू नका.