डिझेलच्या टाकीत पाणी : आधी नमुना, मग सफाई

प्रश्न : मी एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी आमच्याकडे जनरेटर आहे. त्याची ८०० लिटरची डिझेल टाकी आवारातच आहे. मागच्या आठवड्यात पुरवठादाराने टँकरने ५०० लिटर डिझेल भरून दिलं. चार दिवसांनी वीज गेली तेव्हा जनरेटर सुरू झाला, पण आचके देत बंद पडला. मेकॅनिकने वॉटर सेपरेटरमधून (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरमधून) पाणी काढून दाखवलं. इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टरही गेले असावेत, असं तो म्हणतो. पुरवठादाराचं म्हणणं, पाणी आमच्याच टाकीत होतं आणि आमच्या वॉचमनने चलनावर 'माल तपासून मिळाला' म्हणून सही केली आहे. अर्धं बिल द्यायचं बाकी आहे. कमिटी उद्याच टाकी साफ करून घ्यायची म्हणते. आम्ही काय करावं?

उत्तर : सचिवसाहेब, सगळ्यात आधी उद्याची सफाई थांबवा. रहिवाशांची अडचण मला कळते. वयस्क माणसं लिफ्टवाचून अडकतात. पण आज त्या टाकीच्या तळाशी जे आहे तोच तुमचा मुख्य पुरावा आहे. तो गटारात गेला की उरेल फक्त तुमचा शब्द आणि त्याचा शब्द. तोवर भाड्याचा जनरेटर आणा आणि त्याची पावती जपून ठेवा.

नमुना घेण्याची वेळ ठरवून पुरवठादाराला ई-मेल आणि व्हॉट्सअॅपवर कळवा, हजर राहायला सांगा. तो आला नाही, तर तसं पंचनाम्यात लिहा. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने खाली बसतं, म्हणून तळाचा, मधला आणि वरचा असे वेगवेगळे नमुने कोरड्या, स्वच्छ काचेच्या बाटल्यांत घ्या. प्रत्येकाचे तीन संच करा: एक पुरवठादाराला, एक एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला, एक न उघडता तुमच्याकडे. बाटलीवर तारीख, वेळ, टाकीतली पातळी आणि हजर असलेल्यांच्या सह्या, वर लाखेचं सील. डिपस्टिकला पाणी शोधणारी पेस्ट लावून टाकीत सोडा. पाण्यात बुडालेल्या भागात तिचा रंग बदलतो. त्या रेषेचा मोजपट्टी लावून फोटो काढा. डिझेलच्या भारतीय मानकात, आयएस १४६० मध्ये, पाण्याची मर्यादा दर किलोमागे मिलिग्रॅममध्ये मोजली जाते. बाटलीच्या तळाशी पाण्याचा वेगळा थर डोळ्यांना दिसत असेल, तर ते डिझेल मानकात बसत नाही.

पण पाणी आहे हे सिद्ध करणं सोपं. ते कुठून आलं, हे सिद्ध करणं अवघड, आणि तुमचा दावा त्यावरच उभा राहील किंवा पडेल. अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतला ओलावा थंड होऊन पाणी साचतं, झाकणाचं गॅस्केट फाटलं असेल तर पावसाचं पाणी शिरतं. म्हणून पुरवठादाराच्या आधी तुम्हीच झाकण, हवा ये-जा करणारा व्हेंट पाइप आणि जोड नीट तपासा. तिथे दोष निघाला आणि त्या दिवसांत पाऊस झाला असेल, तर खटल्यापेक्षा तडजोड करा, असं मी स्पष्ट सांगेन. दोष नसेल, तर जनरेटरचं लॉगबुक काढा. डिझेल येण्यापूर्वी सेपरेटरचा कॉक उघडला तेव्हा पाणी निघालं नव्हतं, अशी इलेक्ट्रिशियनची नोंद मिळाली, तर त्याहून मोलाचा कागद नाही. प्रयोगशाळेला तळाच्या पाण्यातले क्षारही तपासायला सांगा. ओलाव्यातून साचलेल्या पाण्यात क्षार नगण्य असतात, नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात ते भरपूर असतात. नुसत्या त्यावर निकाल लागत नाही, दिशा मात्र कळते. आणि सीसीटीव्हीचं चित्रण आजच उतरवून घ्या, ते आपोआप पुसलं जातं. पुढे ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

आता वॉचमनच्या सहीचं. तिला घाबरू नका. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ प्रमाणे, तोच माल विकण्याचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला, तर तो विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे, हे कायद्याने गृहीत आहे. अपवाद एकच: खरेदीदाराने माल तपासला असेल आणि त्या तपासणीत दोष दिसायलाच हवा होता, तर. वॉचमनने डिपस्टिक घातली होती का? त्याच्या हातात पेस्ट होती का? छापील ओळीखाली सही केल्याने तपासणी झाली असं होत नाही. त्याचा जबाब आताच लिहून घ्या: कोण आलं, पाइप कुठे लावला, त्याला काय दाखवलं.

बाकी बिलाचं म्हणाल तर माल टाकीत उतरवून घेतल्यावर तो बहुधा परत करता येत नाही, पण मालविक्री कायद्याच्याच कलम ५९ प्रमाणे नुकसानीची रक्कम किमतीतून वळती मागता येते आणि त्याहून जास्त झालेल्या नुकसानीचा दावाही लावता येतो. गप्प राहून पैसे अडवू नका. नुकसानीचा हिशेब देऊन लेखी कळवा. टाकीची सफाई, फिल्टर, इंजेक्टर, भाड्याचा जनरेटर हे सगळं करार कायद्याच्या कलम ७३ खाली मागता येईल. मात्र पाणी असल्याचं कळल्यावरही तुम्ही तेच डिझेल वापरून इंजिन चालवलंत, तर पुढचं नुकसान तुमच्याच माथी येईल.

दाद ग्राहक आयोगात मागा. संस्थेने हे डिझेल रहिवाशांच्या सोयीसाठी घेतलं, नफ्यासाठी नाही, म्हणून ती ग्राहक ठरू शकते. खरेदीमागचा मुख्य हेतू पाहायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लीलावती रुग्णालयाच्या ट्रस्टच्या प्रकरणात सांगितलं आहे. तिथे परिचारिकांसाठी घेतलेल्या सदनिका व्यापारी हेतूच्या ठरल्या नाहीत. तक्रार तुमच्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते, मुदत दोन वर्षांची आहे. दोष तपासणीशिवाय कळत नसेल, तर आयोग स्वतः नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवतो. न उघडलेला संच त्यासाठीच हवा.

तुमच्या साठ्यावरही बोट ठेवलं जाईल. पेट्रोलियम कायदा, १९३४ च्या कलम ७ प्रमाणे एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि एका टाकीत १,००० लिटरपर्यंत डिझेल ठेवायला परवाना लागत नाही. तुमची टाकी ८०० लिटरची आहे. बेसमेंटमध्ये आणखी पिंपं असतील, तर तीही मोजा.

नमुने सील झाले की टाकी खुशाल साफ करा. तळाचा गाळ आणि तेलकट पाणी घातक कचऱ्यात मोडतं. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्या, पावती घ्या. आणि नोटीस स्पीड पोस्टने, पोच पावतीसह पाठवण्याआधी कमिटीचा ठराव करून घ्या, तक्रारीवर सही करण्याचा अधिकार नावानिशी तुम्हाला देणारा. तो नसेल, तर पहिल्याच तारखेला हरकत येते.