‘पॅरामाउंट’ म्हणजे ‘मोस्ट इम्पॉर्टंट’च ना? मग वेगळा शब्द कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : ‘पॅरामाउंट’चा अर्थ ‘सर्वांत महत्त्वाचं’ असेल, तर सरळ ‘मोस्ट इम्पॉर्टंट’ लिहिलं तर काय बिघडतं? आणि शब्दकोशात त्याच्यापुढे सुप्रीम, चीफ, प्रिन्सिपल, प्रायमरी, कार्डिनल अशी जी रांग दिसते, त्यातला कुठलाही उचलून त्या जागी ठेवला तर चालतो का?

नाही चालत. मला हे चूक केल्यावर कळलं.

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करतो. सुरुवातीला एका कारखान्याची सुरक्षा-पुस्तिका हातात आली होती. तिच्यात एक वाक्य होतं : ‘स्पीड इज इम्पॉर्टंट, क्वालिटी इज इसेन्शियल, सेफ्टी इज पॅरामाउंट.’ मी लिहिलं, ‘वेग महत्त्वाचा आहे, दर्जा खूप महत्त्वाचा आहे आणि सुरक्षितता सर्वांत महत्त्वाची आहे.’ मजकूर तपासणाऱ्या बाईंनी शेवटच्या तुकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘मशीन बंद करायचं की नाही, हे यावरून कामगाराला कळेल का?’ कळलं नसतं. माझ्या वाक्यात तिन्ही गोष्टी एकाच तराजूत होत्या, एक थोडी जड एवढंच. मूळ वाक्याचं म्हणणं निराळं होतं : आपसात जुंपली, तर वेगाने आणि दर्जाने मुकाट्याने बाजूला व्हायचं. शेवटी छापलं ते असं : ‘वेग हवा, दर्जा हवाच, पण सुरक्षितता सर्वोपरी.’

‘सर्वोपरी’ हाच पॅरामाउंटचा मराठीतला सख्खा भाऊ. सर्व अधिक उपरी, सगळ्यांच्या वर. पॅरामाउंटही तसाच घडला आहे. जुन्या फ्रेंचमधला ‘पार आमाँ’ म्हणजे वरच्या अंगाला. त्यातला ‘आमाँ’ लॅटिन ‘आद माँतेम’वरून, म्हणजे डोंगराकडे. त्यातला ‘पॅरा’ हा पॅरामेडिकमधला ग्रीक ‘पॅरा’ नव्हे, तिथे अर्थ ‘बाजूचा’ असा आहे. एका जुन्या चित्रपट कंपनीचं नावही पॅरामाउंट आणि तिच्या बोधचिन्हातही डोंगर, त्यामुळे शब्दाचा अर्थ विसरणं तसं अवघडच.

इंग्लंडच्या सरंजामी कायद्यात जमीन एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी उतरंडीने जायची. या उतरंडीच्या माथ्यावरचा धनी तो ‘लॉर्ड पॅरामाउंट’ आणि अगदी तळाशी प्रत्यक्ष जमीन धरून असलेला तो ‘टेनंट पॅरॅव्हेल’. एक डोंगराकडचा, दुसरा दरीकडचा. दरीकडचा शब्द कायद्याच्या पुस्तकांत राहिला, डोंगराकडचा वर्तमानपत्रात आला. शब्दांच्या दुनियेतही वरच्याचंच फावतं.

‘वाद झाला तर शब्द कोणाचा चालेल’ हा अर्थ त्याने कधी सोडला नाही. संस्थानांवरच्या ब्रिटिश सार्वभौम सत्तेला ‘पॅरामाउंटसी’ म्हणत. तिची व्याख्या करा, असा संस्थानिकांचा आग्रह होता. संस्थानांचे ब्रिटिश सत्तेशी संबंध तपासायला नेमलेल्या बटलर समितीने 1929 च्या अहवालात व्याख्या केली नाही. ‘पॅरामाउंटसी मस्ट रिमेन पॅरामाउंट’ असं लिहून मोकळी झाली. 1947 मध्ये ती सत्ता संपली, शब्द मात्र कायद्यात आजही रोज वापरात आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 च्या कलम 13 नुसार पालक नेमताना मुलाचं हित हा ‘पॅरामाउंट कन्सिडरेशन’. आई-वडील दोघांचे हक्क असतील, पण ते मुलाच्या हिताच्या आड आले तर हित जिंकतं. इथे ‘मोस्ट इम्पॉर्टंट’ लिहिलं असतं, तर वकिलांनी ‘महत्त्वाचं आहेच हो, पण बाकीचंही बघा’ म्हणून तारखा वाढवल्या असत्या.

आता तुमची ती रांग. यातल्या बऱ्याच शब्दांच्या पोटात एकेक चित्र आहे. ‘चीफ’च्या पोटात डोकं आहे, लॅटिन ‘कापुत’. आपल्या ‘मुख्य’मध्ये मुख आहे, म्हणजे दोन्ही भाषा मानेच्या वरच गेल्या. ‘प्रिन्सिपल’ म्हणजे अनेकांतला पहिला, म्हणून तो शाळेत प्राचार्य होतो आणि कर्जात मुद्दल. व्याज कितीही फुगलं तरी ते मुद्दलावरच उभं असतं. (शेवटी ‘एएल’ की ‘एलई’, हा घोळ इंग्रजांचाही होतो. तत्त्व या अर्थाचा शब्द ‘एलई’ने संपतो.) ‘प्रायमरी’पासून जरा सांभाळून. त्यात ‘पहिला’ हा क्रम आधी येतो, महत्त्व नंतर. प्रायमरी स्कूल ही काही सगळ्यांत महत्त्वाची शाळा नव्हे, प्राथमिक शाळा. एखाद्या अहवालात ‘प्रायमरी कॉज’ दिसलं तर ते मुख्य कारण आहे की मूळ कारण, हे मागचा-पुढचा मजकूर वाचूनच ठरवा.

माझा आवडता ‘कार्डिनल’. लॅटिनमध्ये ‘कार्दो’ म्हणजे दाराची बिजागरी, जिच्यावर अख्खं दार फिरतं. पूर्व-पश्चिम-उत्तर-दक्षिण या चार दिशा कार्डिनल, कारण बाकीच्या उपदिशा त्यांच्यावरून ठरतात. चर्चमधले कार्डिनलही याच बिजागरीचे. ‘कार्डिनल रूल’ म्हणजे जो मोडला की बाकीचे नियम लटकू लागतात तो. ‘क्रुशियल’मध्ये क्रूस आहे. इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने 1620 मध्ये चौरस्त्यावरच्या दिशादर्शक खांबाची उपमा देऊन जो लॅटिन शब्दप्रयोग केला, त्यातून निर्णायक हा अर्थ पुढे आला. म्हणून क्रुशियल तेव्हाच लिहावा जेव्हा इथून वाट फुटते. त्याला मराठीत ‘कळीचा’ इतका चपखल शब्द दुसरा नाही.

‘सुप्रीम’ पॅरामाउंटच्या सगळ्यांत जवळ वाटतो, पण त्याला पराकोटीचा असाही अर्थ आहे. ‘सुप्रीम हॅपिनेस’ चालतं, ‘पॅरामाउंट हॅपिनेस’ म्हटलं की ऐकणारा कपाळाला आठी घालतो. जवळचा हवाच असेल तर ‘ओव्हररायडिंग’ घ्या. ‘फोरमोस्ट’ भाषणात शोभतो, ‘मेन’ कुठेही खपतो.

वापराचं म्हणाल, तर मेन, चीफ आणि प्रिन्सिपल हे नामाच्या आधीच येतात. ‘द मेन रीझन’ बरोबर. ‘सेफ्टी इज मेन’ हे आपलं मराठी इंग्रजी झालं, मीही बोलताना करतो. पॅरामाउंट दोन्हीकडे बसतो : ‘अ पॅरामाउंट कन्सर्न’ आणि ‘सेफ्टी इज पॅरामाउंट’. त्याला ‘मोअर’ किंवा ‘मोस्ट’ लावू नका. डोंगरमाथ्याच्या वर आणखी माथा नसतो. एकाच पत्रात तीन गोष्टी पॅरामाउंट लिहिल्या असतील, तर लिहिणाऱ्याने एकही ठरवलेली नाही असं खुशाल समजा. ‘ऑफ पॅरामाउंट इम्पॉर्टन्स’ व्याकरणाने चोख आहे, पण कार्यालयीन पत्रांनी त्याचा पार भुगा केला आहे. मी तो टाळतो.

नोकरीच्या अर्जांत हमखास दिसणारी आणखी एक गल्लत ‘टँटामाउंट’ची. कानाला जुळा वाटतो, पण त्याचा अर्थ ‘तेवढाच, त्याच तोडीचा’. ‘सायलेन्स इज टँटामाउंट टू कन्सेंट’ म्हणजे गप्प राहणं म्हणजे संमतीच. त्या जागी पॅरामाउंट घातलंत तर गप्प राहणं संमतीच्याही वरचढ ठरेल.

तेव्हा तुमच्या वाक्यात ‘मोस्ट इम्पॉर्टंट’ ठेवायचं की नाही, हे ठरवायला मी करतो ते करून बघा. वाक्याचा मराठी अर्थ लिहून पुढे ‘बाकी सगळं नंतर’ जोडा. वाक्य टिकलं तर पॅरामाउंट घाला. ‘अ ब्रेकफास्ट इज द मोस्ट इम्पॉर्टंट मील’सारख्या वाक्याला ते शेपूट चिकटत नाही, तिथे आहे ते ठेवा. फक्त सुरुवातीचा ‘अ’ काढा.