वाचकांचे प्रश्न : ४२० गुण आणि पुढचं वर्ष

मुलाला नीटमध्ये ४२० गुण पडले. क्लासवाले म्हणतात रिपीट करा. करावं का?
– एक पालक, गडहिंग्लज

बेरीज बाजूला ठेवा आणि ओएमआर, म्हणजे गोल रंगवलेली उत्तरपत्रिका, काढा. परीक्षा घेणारी एनटीए तिची स्कॅन प्रत आणि उत्तरसूची देते, त्यावरून तासाभरात हिशेब लागतो. प्रश्न १८०, बरोबरला चार, चुकीला वजा एक. सगळे सोडवून १२० बरोबर आणि ६० चूक आले तरी ४२०. १०५च सोडवले आणि सगळे बरोबर आले तरीही ४२०. दुसऱ्या मुलाचं झालंय तेवढं पक्कं आहे, धडे राहिलेत किंवा वेळ पुरला नाही. त्याने वर्ष द्यायला हरकत नाही. पहिल्याचं मात्र सगळं वाचून अर्धवट राहिलंय. तोच क्लास, त्याच नोट्स परत केल्या तर गुण फारसे हलत नाहीत.

चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहायला लावा: धडा झालाच नव्हता, येत होतं पण घाई झाली, की दोन पर्यायांत अडकून एकावर खूण केली. निव्वळ अंदाजाने फार नुकसान होत नाही. चारांत एक बरोबर आला तर चार मिळतात, तीन जातात. गुण खातो तो खोटा आत्मविश्वास. राज्य बोर्डाच्या मुलांचं आणखी एक दुखणं म्हणजे बायोलॉजी. तिचे ३६० गुण आहेत आणि पेपर एनसीईआरटीच्या (केंद्रीय अभ्यासक्रमाच्या) पुस्तकांवर बेतलेला असतो. बोर्डाच्या पुस्तकावर विसंबून तिथे भागत नाही. परीक्षेतही बायोलॉजीचे ९० प्रश्न पन्नास मिनिटांत उरकले तरच फिजिक्सच्या गणितांना वेळ उरतो.

रिपीटचं ठरलं तरी यंदाचे फॉर्म भराच. याच गुणांवर बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी मिळते. पशुवैद्यकीयलाही हेच गुण लागतात, पण अर्ज माफसूकडे (राज्याच्या पशुविज्ञान विद्यापीठाकडे) वेगळा करायचा असतो आणि तो हमखास राहून जातो. शिरवळचं कॉलेज आपल्याला जवळचं. घरोघरी दूध घालणाऱ्या जिल्ह्यात या पदवीला दुय्यम का समजतात, कळत नाही. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी वेगळी आहे, नीटचा निकाल लागेपर्यंत थांबू नका.

दहावीनंतर मुलीला राजस्थानात ठेवून बारावी तिथूनच करावी का?
– एक पालक, कागल

क्लास कुठेही लावा, बारावी महाराष्ट्रातूनच करा. सरकारी मेडिकलच्या १५ टक्के जागा देशपातळीवर भरतात. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी डोमिसाइलबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही इथूनच झालेली लागते. म्हणजे कोल्हापुरातल्या सीपीआरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या बहुतेक जागांवर घराजवळ असूनही पाणी सोडावं लागेल. तुमच्याकडून निपाणी जवळ पडते, पण बारावीपुरतं ते कर्नाटकच. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळ्या जागा आहेत, मात्र त्या तिथल्या रहिवाशांच्या. सरकारी नोकरांच्या मुलांसाठीचे अपवाद माहितीपुस्तिकेत पाहा.

आरक्षण घेणार असाल तर जात पडताळणीचं प्रकरण अकरावीतच कॉलेजमार्फत दाखल करा. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे बहुधा आजोबांचा शाळेचा दाखला. त्यावरचं नाव किंवा आडनाव आताच्या कागदांशी जुळलं नाही की प्रकरण महिनोन्‌महिने अडकतं.

मी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संशोधनात जायचंय, पण बारावीला गणित नव्हतं.
– एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

गणितावाचून अडत नाही, त्रास मात्र होतो. शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करून सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेचा लाइफ सायन्सेसचा पेपर द्या. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पीएच.डी. आयआयटी किंवा बेंगळुरूचं आयआयएससी हवं असेल तर तिसऱ्या वर्षी जॅम ही प्रवेश परीक्षा द्या. तिच्या बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात गणित आणि भौतिकशास्त्रही येतं, म्हणून अकरावी-बारावीचं गणिताचं पुस्तक आत्ताच उघडा. संख्याशास्त्रापासून सुरुवात करा. ते पुढे प्रयोगशाळेतही रोज लागेल.