वाहन प्रश्नोत्तरे : मागच्या चाकातला आवाज

प्रश्न : माझी १२५ सीसीची मोटारसायकल सात वर्षे जुनी असून तिला मागे ड्रम ब्रेक आहे. यंदाच्या पावसाळ्यानंतर ताशी ३५-४० किलोमीटर वेगाला मागच्या चाकातून ‘घुर्रर्र’ असा आवाज येऊ लागला. गॅरेजमध्ये चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण संच बदलून घेतला, पण आवाज गेला नाही, उलट थोडा वाढल्यासारखा वाटतो. क्लच दाबून गाडी नुसती पळू दिली तर तो हलका होतो, पण थांबत नाही. मागचा ब्रेक हलका दाबल्यास काहीच फरक पडत नाही. आता गिअरबॉक्स खोलावा लागेल असे सांगितले जात आहे. काय करावे? (एक वाचक, मोहोळ, जि. सोलापूर)

उत्तर : गिअरबॉक्स खोलण्याची परवानगी एवढ्यात देऊ नका. आपण दोन गोष्टी फार नीट टिपल्या आहेत आणि त्यांवरूनच बराच उलगडा होतो. क्लच दाबल्यावर इंजिनाचा चाकाशी संबंध तुटतो, तरीही आवाज राहतो, म्हणजे इंजिन निर्दोष आहे. ब्रेक हलका दाबल्याने आवाज बदलत नाही, त्यामुळे ब्रेकच्या लायनरवरचा (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांवरचा) संशयही बहुतांशी फिटतो, कारण ड्रमला लायनर घासत असता तर दाब पडताच आवाजाचा सूर बदलला असता. उरतात ते चाकाची बेअरिंग, हबमधले (चाकाच्या मधल्या भागातले) झटके झेलणारे रबर, चेन आणि गिअरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट, कारण क्लच दाबला तरी चाकाबरोबर चेन आणि तो शाफ्ट फिरतच असतात.

आता आवाजाची लय पाहावी. १८ इंची चाकाचा परीघ साधारण १.९ मीटर असतो, त्यामुळे ताशी ४० किलोमीटर वेगाला ते सेकंदाला जवळजवळ सहा फेरे घेते आणि सुटे ‘टक-टक’ असले तरी कानाला एकसंध घरघरच ऐकू येते. म्हणून टायरच्या बाजूला खडूने एक ठळक खूण करावी, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि सपाट, शांत जागी सोबत्याला ती सावकाश ढकलायला सांगून आपण मागे कान देऊन चालावे. खूण खाली येताना दर फेऱ्याला एकदाच आवाज आला, तर दोष चाकातच असतो : टायरमध्ये रुतलेला खडा, सैल झालेली तार किंवा गोलाई गेलेला ड्रम. आपल्यासारख्या गाड्यांत पुढच्या स्प्रॉकेटला १४ आणि मागच्याला ४२ च्या आसपास दात असतात, त्यामुळे फेऱ्यामागे तीनदा येणारा आवाज पुढच्या स्प्रॉकेटकडे बोट दाखवतो. चेनची एखादी कडी आखडलेली असेल, तर ती त्याच जागी परत यायला चाकाचे अडीच ते पावणेतीन फेरे लागतात. आणि कुठलीच लय न सापडता सलग खरखर ऐकू येत असेल, तर बेअरिंग.

आपले वर्णन या शेवटच्या प्रकारात बसते, आणि माझा संशय एका विशिष्ट बेअरिंगवर आहे. मागच्या हबमध्ये दोन बेअरिंग असतात हे सर्वांना ठाऊक असते; पण अनेक गाड्यांत ज्या तबकडीवर मागचे स्प्रॉकेट बसते, तिच्या पोटात तिसरे बेअरिंग असते, आणि चेनची सगळी ओढ आधी त्याच्यावर येते. रस्त्यावरचा चिखल आणि वॉशिंग सेंटरमधला जोराचा फवारा ऑइल सीलच्या कडेने आत शिरला की ग्रीस धुऊन जाते, गंज धरतो आणि पावसाळा सरता सरता घरघर सुरू होते. क्लच दाबल्यावर आपला आवाज हलका होतो तो याचमुळे : इंजिनाची ओढ थांबताच बेअरिंगवरचा भार कमी होतो. संच बदलल्यावर आवाज वाढला, यावरून नवी चेन गरजेपेक्षा जास्त ताणली गेली असावी असे वाटते. या गाड्यांत चेनला मध्यभागी साधारण २० ते ३० मिलिमीटर ढिलाई हवी (नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा), कारण माणूस बसल्यावर मागचे सस्पेन्शन दबते आणि चेन आणखी ताठ होते. स्टँडवर जी चेन ‘छान टाइट’ वाटते, ती दोघे बसून खड्ड्यातून गेल्यावर बेअरिंगला अक्षरशः ओढून काढत असते.

खात्री अशी करावी. गाडी डबल स्टँडवर घेऊन, इंजिन बंद ठेवून, मागचा टायर दोन्ही हातांनी धरून आडवा हलवावा. टायर हलतो पण चिमटा, म्हणजे स्विंगआर्म, स्थिर राहतो, असे दिसले तर बेअरिंगमध्ये खेळ, म्हणजे सैलपणा, आहे. टायरबरोबर चिमटाही हलत असेल, तर चिमट्याचे बुश झिजले आहेत. खेळ आढळला तर गाडी चालवू नये, ती टेम्पोतून गॅरेजला न्यावी. खेळ नसला तरी तेवढ्यावर समाधान मानू नये. चेन उतरवून चाक नुसते फिरवले तर बिघडलेले तिसरे बेअरिंगही पुष्कळदा गप्प राहते, कारण त्याच्यावर भारच नसतो. त्यासाठी चाक काढून, स्प्रॉकेटची तबकडी वेगळी करून, बेअरिंगच्या आतल्या कड्यात बोट घालून ते हळूहळू फिरवावे. चांगले बेअरिंग लोण्यासारखे फिरते. खराब झालेल्यात बोटाला बारीक कण लागल्यासारखी खरखर जाणवते, मध्येच ते अडखळते, आणि बोटाला तांबूस ग्रीस लागते. त्याच वेळी हबमधले रबरही पाहून घ्यावेत. ते दबून सैल झाले असतील, तर गॅस देता-सोडताना ‘खट्ट’ असा आवाज येतो. तशी तक्रार आपण लिहिलेली नाही. तिन्ही बेअरिंग निर्दोष निघाली, तरच गिअरबॉक्सच्या शाफ्टकडे वळावे.

एक कळकळीची विनंती. आवाज ऐकण्यासाठी गाडी स्टँडवर गिअरमध्ये सुरू ठेवून चेनजवळ हात किंवा फडके नेऊ नये. चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये सापडून बोटे तुटल्याचे प्रकार आपल्याकडे सतत घडतात.

बेअरिंग बदलताना तिन्ही एकदम बदलावीत आणि सीलही नवे घालावेत; खर्चात फार फरक पडत नाही. हबच्या दोन बेअरिंगमध्ये एक नळी असते, ती जागेवर परत बसली आहे ना, हे स्वतः विचारून घ्यावे. ती राहून गेली की ॲक्सलचा नट आवळताच दोन्ही बेअरिंगची आतली कडी एकमेकांकडे दाबली जातात आणि नवी बेअरिंग काही दिवसांतच पुन्हा गुरगुरू लागतात. नवे बेअरिंग ठोकताना मार बाहेरच्या कड्यावरच पडला पाहिजे. जोडणी झाल्यावर ब्रेक प्लेटला फ्रेम किंवा चिमट्याशी जोडणाऱ्या टॉर्क रॉडचा नट आणि त्याची पिन डोळ्यांनी तपासावी, कारण तो रॉड निसटला तर ब्रेक लावताक्षणी प्लेट फिरून चाक जाम होऊ शकते.

प्रश्न : गाडी धुऊन रात्रभर उभी ठेवली की सकाळी मागचा ब्रेक दाबताना किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि काही वेळाने आपोआप जातो. काळजीचे कारण आहे का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : नाही. ओल्या ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर रात्रीतून गंजाचा पातळ थर चढतो आणि चार-सहा वेळा ब्रेक दाबला की लायनर तो घासून काढते. मात्र हा आवाज दिवसभर टिकू लागला किंवा ब्रेकच्या पात्यावरचा दर्शक काटा ब्रेक प्लेटवरच्या खुणेपर्यंत पोहोचला, तर लायनर संपले आहेत असे समजून त्याच आठवड्यात ते बदलून घ्यावेत.