शिकवायच्या आधी तिला ऐकायला बसू द्या

नमस्कार भाऊ,

पिंपळगाव बसवंतहून तुमचं पत्र आलं. द्राक्षबाग सांभाळून तुम्ही लेकीला नाशिकला मानसशास्त्र शिकायला ठेवलंत. ती आता टीवायला आहे आणि म्हणते, मला समुपदेशन शिकवणारी प्राध्यापक व्हायचंय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: हे काम नेमकं काय, त्यात पोट भरतं का, आणि घरी राहून दूरशिक्षणानं एमए करून लगेच नेट, म्हणजे प्राध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, दिली तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे चुकलं तर वर्ष वाया जाईल. मानसशास्त्राचं एमए दूरशिक्षणानं करायचा विचार सोडा. नाशिकजवळ गोवर्धनचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्या दारात आहे, त्यामुळे तुमच्या मनात ते येणं साहजिक आहे. पण २०२५-२६च्या प्रवेशांपासून यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवणं बंद केलंय. २०२१च्या एका केंद्रीय कायद्यानं हा विषय आरोग्यसेवेच्या व्यवसायांत धरला गेला, त्याचा हा परिणाम. मला हा निर्णय पटतो. का, ते पुढे सांगते.

तिला कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं फार कौतुक आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग तिला हेही सांगा की हा माणूस कॉलेजात गेला तो शेतीशास्त्र शिकायला. तो बारा वर्षांचा असताना वडिलांनी शिकागोबाहेर शेती घेतली. तिथे तो पतंगांच्या अळ्या पाळायचा, गुरांच्या खाद्यावरची जाडजूड पुस्तकं वाचायचा. या गुरांना हे खाद्य, त्या गुरांना ते, आणि मग फरक मोजायचा. प्रयोग म्हणजे काय हे त्याला शेतीतून कळलं. पुढे शेती सोडून इतिहास, मग धर्मशास्त्र, आणि शेवटी मानसशास्त्र. १९२८ ते १९४० अशी बारा वर्षं त्यानं रोचेस्टर शहरात अडचणीत सापडलेल्या मुलांबरोबर काम केलं आणि त्यानंतर ओहायो स्टेट विद्यापीठात तो प्राध्यापक झाला. प्राध्यापक होण्याआधीची ती बारा वर्षं तुमच्या लेकीनं नीट बघावीत.

ओहायोत त्यानं समुपदेशनाच्या भेटी तबकड्यांवर रेकॉर्ड करून विद्यार्थ्यांना ऐकवल्या. तबकडी दर काही मिनिटांनी बदलावी लागायची, तरी त्यानं ते केलं. तोवर बंद खोलीत काय बोलणं झालं ते बहुतेक समुपदेशकाच्या आठवणीवरच कळायचं, आणि आठवण आपल्या सोयीचं तेवढंच ठेवते.

हे मी स्वतः अनुभवलंय. मी समुपदेशन शिकत असताना बारावीची एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत 'मला सायन्स सोडायचंय' एवढंच म्हणाली, आणि मी सुरू झाले. कॉमर्सला काय आहे, आर्ट्सला काय आहे, कुठलं कॉलेज, कट-ऑफ किती. ती 'हो मॅडम' म्हणत राहिली, उठून गेली आणि परत आली नाही. ती भेट मी शब्दशः लिहून आमच्या बाईंना दाखवली. त्यांनी माझी वाक्यं लाल पेनानं अधोरेखित केली, तिची निळ्या. पानभर लाल, निळ्या फक्त तीन ओळी. 'का सोडायचंय, हे तू तिला विचारलंच नाहीस,' बाई म्हणाल्या.

समुपदेशनाची प्राध्यापक जे करते ते हेच. सिद्धांत शिकवतेच, पण खरं काम असतं शिकणाऱ्याच्या शेजारी बसून त्याचं ऐकणं तपासण्याचं. ते पोस्टानं आलेल्या पुस्तकांतून होत नाही. आणि जिनं स्वतः कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही, तिला ते शिकवता येत नाही.

आता पैशांचं. कायमची जागा मिळाली तर सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, भत्ते वेगळे. एमएला किमान ५५ टक्के हवेत, आरक्षित प्रवर्गाला ५०. वर नेट किंवा सेट, म्हणजे आपलं पुणे विद्यापीठ घेतं ती राज्याची पात्रता परीक्षा. २०२३च्या दुरुस्तीनंतर या पदासाठी पीएचडीची सक्ती नाही. नेटमध्ये जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर संशोधनासाठी सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात. पण तुमच्यापासून लपवत नाही: जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, आणि नेट-सेट झालेली किती तरी हुशार मुलं सीएचबीवर, तासाच्या हिशेबानं शिकवतात. उन्हाळ्यात तास नाहीत की पैसे नाहीत. मला याचा मनापासून संताप येतो.

म्हणून नुसत्या नेटच्या भरवशावर तिला सोडू नका. एमएला समुपदेशन हा विषय घेऊ द्या, रोज वर्ग भरतात आणि प्रत्यक्ष काम करून घेतात अशा ठिकाणी. नंतर चार-पाच वर्षं शाळेत, संस्थेत, जमेल तिथे समुपदेशक म्हणून काम. एनसीईआरटीचा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमाही आहे. परीक्षा सोबत चालू राहतील. खरड छाटणीनंतर वेलीकडून तुम्ही घड मागत नाही, काडी पिकू देता; ही वर्षं तशीच धरा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ही वाट मात्र निराळी, तिथे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका.

रविवारी तिला घेऊन या. येताना तिनं घरातल्या कुणाशी तरी झालेलं वीस मिनिटांचं बोलणं, त्यांची परवानगी घेऊन, शब्दशः लिहून आणावं. तुमच्याशी झालेलं असेल तर फारच छान. लाल आणि निळं पेन मी ठेवते.